पहिल्या वर्षाला आहे, चार लोकांसमोर उभं राहिलं की आवाजच फुटत नाही

मधली_सुट्टी | ९ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. दीड वर्ष वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी बीड जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण सर शिकवायचे मराठीतून. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते.

भीती जुनी आहे. चौथीत १ ऑगस्टला टिळकांवर भाषण होतं. (आमच्याकडे त्या दिवशी अर्धी शाळा टिळकांवर बोलते आणि अर्धी अण्णा भाऊंवर.) "मी शेंगा खाल्ल्या नाहीत" इथपर्यंत आले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. बाई मागून हळूच "टरफलं, टरफलं" म्हणाल्या, ते माईकने पकडलं आणि अख्ख्या पटांगणाला ऐकू गेलं. गावात एक मामा मला अजून "ए टरफले" अशीच हाक मारतात.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या इंडक्शनला माईक रांगेतून फिरवला. नाव, गाव, छंद सांगायचे होते. नाव सांगितलं, गाव सांगितलं, छंद आठवेना. दोन-तीन सेकंदच गेली असतील, पण मागून कोणीतरी हसलं. मी "थँक्यू" म्हणून खाली बसले. छंद आहे हो मला, सायकल चालवते.

आता २६ तारखेला वर्गासमोर ६ मिनिटं बोलायचंय. इंग्रजीतून. विषय आपला आपण निवडायचा, १० मार्क, समोर साठ जण. व्हिडिओ पाहिले. ते म्हणतात आरशासमोर बोला, समोर बटाटे बसलेत असं समजा. आरशात मला माझीच लाज वाटते, आणि बटाटे हसत नाहीत.

सतरा दिवसांत काही होण्यासारखं आहे का?

---

काडीपेटी | ९ सप्टेंबर, रात्री ११:५२

सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, मी आपणांस जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.

झाली बघ २० सेकंदं. आता ५ मिनिटं ४० सेकंदंच उरली. ;) दिवा घे गं, म्हणजे मनावर घेऊ नकोस.

---

खडूफळा | १० सप्टेंबर, सकाळी ६:१५

पोरी, आधी तुझ्या त्या बाईंच्या वतीने मी माफी मागतो. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, असं मागून सांगण्याचं पाप मीही केलंय. मूल अडखळलं की आपल्यालाच घाम फुटतो, मग आपण बोलतो, आणि त्या लेकराचा उरलासुरला धीर जातो.

पण खरी चूक त्याच्या आधीची असते. आम्ही भाषण लिहून देत होतो आणि मुलं ते घोकत होती. मग ते साखळीसारखं होतं, एक कडी निसटली की पुढचं सगळं हातातून जातं. तू टिळकांची गोष्ट विसरली नव्हतीस. शेंगा, टरफलं, मास्तर, सगळं तुला ठाऊक होतं. तू फक्त पुढचं वाक्य विसरलीस. कोणी तुला पारावर बसून "काय झालं गं पुढे?" असं विचारलं असतं तर तू घडाघडा सांगितलं असतंस.

तेव्हा यावेळी भाषण लिहू नकोस. पोस्टकार्डाएवढे तीन-चार जाड कागद काप, प्रत्येकावर चार-पाच शब्द, मोठ्या अक्षरात. फुलस्केप मुळीच घेऊ नकोस. हात थोडा थरथरला तरी तो कागद पिंपळपानासारखा हलतो, मग आपलं लक्ष त्या कागदाकडे आणि समोरच्यांचंही तिकडेच.

---

फिरता_करंडक | १० सप्टेंबर, सकाळी १०:३०

खडूफळा सर, आदर आहे पण असहमत. कॉलेजची पाच वर्षं मी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व आणि वादविवाद गाजवले (आयडी त्यावरूनच). प्रत्येक भाषण शब्दन् शब्द पाठ असायचं. ७+१ मिनिटांत घंटा वाजायच्या आत शेवटचं वाक्य टाळीवर आणायचं तर पाठांतराला पर्याय नाही. मुद्दे काढून ऐनवेळी बोलणारे पाचव्या मिनिटाला "तर मला असं म्हणायचंय की" वर येऊन अडकतात. परीक्षकांच्या खुर्चीत बसूनही हेच पाहिलंय.

---

टेकडीवरचा | १० सप्टेंबर, सकाळी ११:०५

@फिरता_करंडक, तुम्ही मराठीतून बोलत होतात ना? या मुलीला इंग्रजीतून बोलायचंय. परक्या भाषेतलं पाठ केलेलं वाक्य मध्येच तुटलं तर पर्यायी वाक्य लगेच सुचत नाही, तोंडात काहीच उरत नाही. मी याच रस्त्याने गेलोय. पहिल्या नोकरीत क्लायंटसमोर "प्लीज रेफर टू द" म्हणालो आणि पुढे कशाला रेफर करायचं तेच आठवेना. स्लाईडवर मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

---

फिरता_करंडक | १० सप्टेंबर, सकाळी ११:२०

मुद्दा मान्य. पण प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांसारखी माणसं हातात चिटोरंही न घेता तास-दीड तास बोलायची, ते काय होतं मग?

---

खडूफळा | १० सप्टेंबर, दुपारी १:४०

मी त्यांना ऐकलंय, म्हणून लिहितो. ते पाठांतर नव्हतं हो. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, प्राचार्य होते, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विवेकानंदांवर बोलायला उभे राहायचे तेव्हा त्या विषयात त्यांचं आयुष्य गेलेलं असायचं. विहिरीला पाणी असलं की पोहरा कुठूनही टाका. आपली पंचाईत ही की आपण कोरड्या विहिरीवर उभं राहून पोहऱ्याची नक्षी कशी असावी यावर बोलत असतो.

म्हणून मुलीला पहिला प्रश्न. विषय कोणता घेतलास?

---

मधली_सुट्टी | १० सप्टेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांना धन्यवाद, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

विषय आर्टिफिशियल इंटेलिजन्स घेणार होते. वर्गातल्या वीसेक जणांनी तोच घेतलाय. नेटवर माहिती पुष्कळ मिळते.

---

रात्रपाळी | १० सप्टेंबर, रात्री ११:३०

नको!! विसावं एआय भाषण ऐकणाऱ्या त्या मॅडमचा तरी विचार कर.

तुला असं काय माहितीये जे त्या साठातल्या पन्नास जणांना माहीत नाही? घरी शेती आहे का? दुकान? मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मला तर बेअरिंगवर बोल म्हटलं तर गप्प बस म्हणावं लागेल.

---

मधली_सुट्टी | ११ सप्टेंबर, सकाळी ७:००

शेती आहे. बोअरच्या मोटारीचं बऱ्यापैकी कळतं. पप्पांबरोबर स्टार्टरची पेटी उघडून बसायचे, ऑटो कुठला, रिले कुठला ते माहितीये. दोनदा फेज जाऊन मोटार जळाली, रिवाइंडिंगला (आतली जळालेली तांब्याची तार बदलून गुंडाळायला) नेली तेव्हा सोबत गेले होते. पण हा काय विषय आहे का? इंजिनिअरिंग कॉलेजात मोटारीचं काय सांगायचं, हसतील.

---

रात्रपाळी | ११ सप्टेंबर, सकाळी ७:२०

इंजिनिअरिंग कॉलेजात मोटारीचं नाही तर काय मोदकांचं सांगायचं?? अगं हाच विषय. थ्री फेज मोटार दोन फेजवर चालत राहिली तर काय होतं, हे त्या पोरांना तिसऱ्या वर्षाला परीक्षेत येईल. तू जळक्या वायंडिंगचा वास घेतलायस.

---

शब्दखूळ | ११ सप्टेंबर, सकाळी ९:४५

रात्रपाळी, +१. तो वास भाषणात आला पाहिजे.

---

नानबा | ११ सप्टेंबर, दुपारी ३:१५

आमचे थोरले काका नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात नमन, मूळ पद आणि निरूपण, उत्तररंगात आख्यान, अशी बांधणी. एकदा विचारलं, "काका, पूर्वरंगात लोक पेंगायला लागले तर?" म्हणाले, "मग आख्यानातला राजा जरा लवकर बोलवायचा."

सहा मिनिटांत तुला पूर्वरंगाची चैन परवडणार नाही. "गुड मॉर्निंग, माय नेम इज, टुडे आय ॲम गोइंग टू टॉक अबाऊट" हे सगळे करतात. तू थेट राजापासून सुरू कर. लाईट रात्री किती वाजता येते तुमच्याकडे? तिथून.

---

उंबरठा | ११ सप्टेंबर, रात्री ९:५०

मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'क' आणि 'प' माझे शत्रू, आणि राहायला पुण्यात कोथरूडला, घ्या. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घाम फुटायचा. आता नोकरीत महिन्याला दोन सादरीकरणं करतो, अडखळतो आणि पुढे जातो. (अडखळणाऱ्यांसाठी 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'चे स्वमदत गट आहेत, कोणाला गरज असेल तर शोधा. मला तिथे पहिल्यांदा घाई न करणारे कान भेटले.)

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. आपल्याला वाटतं की आपली धडधड, कोरडं तोंड, थरथरणारे गुडघे समोरच्याला लख्ख दिसतायत. दिसत नाहीत, किंवा आपल्याला वाटतं त्याच्या मानाने फारच कमी दिसतात. सॅवित्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यासमोर भाषण करायला लावलं. ज्यांना आधीच समजावून सांगितलं होतं की तुमची घबराट बाहेर फारशी दिसत नाही, त्यांची भाषणं त्यांना स्वतःला बरी वाटलीच, बघणाऱ्यांनाही इतरांपेक्षा चांगली वाटली. म्हणजे नुसतं हे माहीत असणंही कामी येतं.

इंडक्शनला तुझ्या मागे जो हसला, तो तुलाच हसला हे कशावरून? त्याच्या मोबाईलवर काहीतरी आलं असेल.

अवांतर: गांधीजी इंग्लंडमध्ये व्हेंटनर गावी शाकाहारी मंडळींसमोर बोलायला उभे राहिले, जेमतेम एक फुलस्केप लिहून नेलं होतं. तेही वाचवेना, शेवटी दुसऱ्याने वाचून दाखवलं. मुंबईत पहिल्या खटल्याला उलटतपासणीसाठी उठले, डोकं गरगरलं, खाली बसले. अशिलाच्या माणसाला म्हणाले दुसरा वकील कर, माझी फी परत घे. तेव्हा बॅरिस्टर होऊन आले होते बरं का, तू तर पहिल्या वर्षाला आहेस.

---

काडीपेटी | ११ सप्टेंबर, रात्री १०:०५

चला, धाग्यावर गांधीजी आले. आता दोनशे प्रतिसाद पक्के.

---

ॲडमिन_कट्टा | ११ सप्टेंबर, रात्री १०:३०

काडीपेटी, विषयाला धरून.

---

टेकडीवरचा | १२ सप्टेंबर, सकाळी ८:१५

आता कामाचं. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर. आरसा वाईट, कारण बोलणं आणि बघणं एकाच वेळी करावं लागतं. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकायचं, शक्यतो चालता चालता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चार मिनिटांत ३१ वेळा "म्हणजे" आणि ९ वेळा "बेसिकली" म्हणालो होतो. बायको म्हणाली, यात नवीन काय.

"म्हणजे" काढायला जाऊ नकोस, त्याच्या जागी गप्प राहा. बोलणाऱ्याला ती गप्प जागा चार तासांची वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं बाई विचार करून बोलतेय.

टोस्टमास्टर्स क्लबात यासाठी एक माणूसच नेमलेला असतो, 'आह काउंटर'. सगळ्यांचे असे शब्द मोजायचे आणि शेवटी यादी वाचायची. १९२४ मध्ये राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था, पुण्या-मुंबईत बरेच क्लब आहेत. अठरा पूर्ण लागतात. पहिलं भाषण स्वतःविषयी, चार ते सहा मिनिटांचं. समोर हिरवा, पिवळा, लाल असा वेळ दाखवतात. वर्गणी विद्यार्थ्याला जरा जड जाईल, पण पाहुणी म्हणून जाऊन बसायला हरकत नाही, एखादी चकटफू सभा बघून ये.

---

खडूफळा | १२ सप्टेंबर, सकाळी ९:००

कॅलिफोर्नियात कशाला जाता? १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वक्तृत्वोत्तेजक सभा काढली, टोस्टमास्टर्सच्या एकोणपन्नास वर्षं आधी. नावातच बघा, वक्तृत्वाला उत्तेजन. तिचीच वसंत व्याख्यानमाला, टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात. पोरी, उन्हाळ्यात पुण्यात असलीस तर जाऊन बस. चांगला वक्ता कसा बोलतो हे कळेल, आणि कंटाळवाणा कसा बोलतो हे त्याहून जास्त कळेल.

---

टेकडीवरचा | १२ सप्टेंबर, सकाळी ९:१०

सर, तिथे ऐकायला मिळतं, बोलायला नाही मिळत ना. :)

---

मधली_सुट्टी | १५ सप्टेंबर, रात्री १२:२०

प्रगती कळवते.

विषय बदलला. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या "इंटरेस्टिंग".

हॉस्टेलच्या गच्चीवर रूममेटला मराठीत सांगितलं. ती मुंबईची. तिला डीपी म्हणजे मोबाईलवरचा फोटो वाटला, गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर नाही. सगळं समजावून सांगता सांगता वीस मिनिटं गेली आणि मला एकदाही भीती वाटली नाही. मग तेच इंग्रजीत बोलायला गेले, दीड मिनिटात संपलं. वाक्यंच येईनात. "द मोटर इज... द मोटर गेट्स..." आणि गप्प.

काय करू?

---

रात्रपाळी | १५ सप्टेंबर, पहाटे ३:१०

(ड्यूटीवर आहे.) छोटी वाक्यं. "थ्री वायर्स कम फ्रॉम द पोल. वन वायर ब्रेक्स. द मोटर डझ नॉट स्टॉप. दॅट इज द प्रॉब्लेम." एवढ्या इंग्रजीत मी जर्मन इंजिनिअरला गिअरबॉक्स समजावलाय. त्याचंही इंग्रजी असंच होतं.

---

शब्दखूळ | १५ सप्टेंबर, सकाळी १०:००

आणि डीपी, ऑटो हे शब्द तसेच ठेव. एकदा अर्थ सांग आणि वापर. प्रत्येक शब्दाला इंग्रजी कोट घालत बसू नकोस.

---

फिरता_करंडक | १५ सप्टेंबर, सकाळी ११:१५

मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. थोडंच. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन मात्र झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत. सुरुवातीची कारण तेव्हा छाती सगळ्यात जास्त उडत असते, ती बसेपर्यंत तोंड आपोआप चालायला हवं. शेवटची कारण नाहीतर माणूस "सो... यस... दॅट्स इट" म्हणत जागेवर पळतो.

बाकी: उठण्याआधी श्वास हळूहळू सोड, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. पोचल्यावर लगेच बोलू नकोस, तीन माणसं बघून ठेव, डावीकडे एक, उजवीकडे एक, मागे एक, आणि त्यांच्याशी आळीपाळीने बोल. हातातला माईक तोंडापासून चार बोटं लांब, त्यावर टिचक्या मारायच्या नाहीत, स्पीकरकडे तोंड करून धरायचा नाही, शिट्टी वाजते. आणि बोलून सराव, उभं राहून. गादीवर लोळत मनात केलेल्या सरावाला सराव म्हणत नाहीत.

---

मधली_सुट्टी | २६ सप्टेंबर, रात्री ९:३०

झालं!!

सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत.

माझा नंबर अकरावा होता. आधीच्या दहांत सहा एआय. बसल्या जागी पाय इतका हलत होता की शेजारणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. उठले, चालत गेले, तीन माणसं शोधली. मागचा निवडला तो नेमका इंडक्शनला हसलेला मुलगा निघाला. दुसरा शोधायला वेळ नव्हता.

पहिलं वाक्य पाठ होतं: "इन माय व्हिलेज, इलेक्ट्रिसिटी कम्स ॲट टू इन द नाईट, अँड माय फादर वेक्स अप बिफोर इट." वर्ग शांत झाला. खरंच शांत. मग ऑटो स्विच सांगितला, लाईट आली की मोटार आपोआप चालू करतो म्हणून पप्पांना झोपता येतं. मग एक फेज गेली की काय होतं ते. उरलेल्या दोन फेजवर मोटार ओढत राहते, करंट वाढतो, वायंडिंग तापतं. तिथे वास आठवला आणि पुढचं सगळं गेलं.

पूर्ण कोरं. चौथीसारखंच. पण हातात कार्ड होतं. खाली बघितलं, त्यावर "रिवाइंडिंग – तांबं – पप्पा गप्प" असं लिहिलेलं. मग आमच्या गावापासून तालुक्यापर्यंत टेम्पोत मोटार घेऊन गेलो ते सांगितलं, पप्पा पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलले नव्हते ते सांगितलं. हे इंग्रजी चुकलं असणार, काळ तर नक्की चुकले. कोणी हसलं नाही. शेवटी सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारं उपकरण) काय करतो ते सांगून, पाठ केलेली दोन वाक्यं म्हणून थांबले. ५ मिनिटं ५० सेकंदं.

मग प्रश्न. त्या मागच्या मुलानेच विचारला: रात्री दोनला लाईट येताच सगळ्या गावाचे ऑटो एकदम मोटारी चालू करत असतील तर ट्रान्सफॉर्मरचं काय होतं? मोटार चालू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते हे मी वाचलं होतं, पण पूर्ण गावाचा हिशोब मला येत नव्हता. एरवी मी थँक्यू म्हणून बसले असते. मी म्हटलं, "आय डोन्ट नो द कॅल्क्युलेशन. बट इन माय व्हिलेज, द डीपी बर्न्स." तेव्हा मात्र सगळे हसले, मॅडमसुद्धा. मीपण.

१० पैकी ७ मिळाले. उच्चार आणि व्याकरणाचे कापले. तो मुलगा नंतर कॅन्टीनला भेटला, त्याच्या आजोळी सांगलीकडे ऊस आहे, अर्धा तास आम्ही डीपीवरच बोललो. इंडक्शनला कशाला हसला होतास ते विचारलं, तर त्याला आठवतही नव्हतं.

---

उंबरठा | २६ सप्टेंबर, रात्री ९:४५

मी काय म्हणालो होतो!

---

खडूफळा | २६ सप्टेंबर, रात्री ९:५८

"पप्पा गप्प" हे दोन शब्द कार्डावर लिहायला सुचले तुला. छान. मला आता झोप लागेल.

---

फिरता_करंडक | २६ सप्टेंबर, रात्री १०:१०

अभिनंदन! डिसेंबर-जानेवारीत वादविवाद सुरू होतील. दोघांचा संघ लागतो, एक अनुकूल, एक प्रतिकूल. डीपीवाला मुलगा प्रतिकूल बाजूला बरा वाटतोय. व्यक्तिगत निरोप करतो.

---

काडीपेटी | २६ सप्टेंबर, रात्री १०:१५

टरफले, जिंकलीस. (आता खरंच दिवा घे.)

---

मधली_सुट्टी | २७ सप्टेंबर, सकाळी ८:०५

काडीपेटी, घेतला. :)

रूममेटने मागून व्हिडिओ काढला होता, तो घरी पाठवला. इंग्रजीत असल्यामुळे पप्पांना कितपत कळला असेल माहीत नाही, पण दोनदा पाहिला म्हणे. सकाळी फोन आला. म्हणाले, "सगळं बरोबर सांगितलंस, पण कपॅसिटरचं राहिलं की."